मामा बी अनोळखी असतोय का?

सरकारी दवाखान्यातल्या आमच्या खोलीवर कानडीत पाटी होती. अक्षरं लावून वाचली की 'आप्त समालोचना केंद्र' असं व्हायचं. कानडीत त्याचा अर्थ सरळ आहे, विश्वासात घेऊन केलेली सल्लामसलत. पण बिदर जिल्ह्याच्या या टोकाला निम्मे लोक मराठीतून विचार करतात, आणि मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक आणि समालोचन म्हणजे क्रिकेटचं. एक म्हातारे गृहस्थ पाटीखाली उभे राहून मला म्हणाले होते, "अक्का, हितं सोयऱ्याधायऱ्यांची कॉमेंट्री चालतीया का?" मी म्हटलं, "व्हय अप्पा, तसंच समजा." त्यांचं फार काही चुकलं नव्हतं.

खोलीत काम चालायचं ते एचआयव्हीच्या तपासणीचं. रक्त काढायच्या आधी माणसाशी बोलायचं, तपासणी कशाची आहे ते सांगायचं, त्याची तयारी असेल तरच पुढं पाठवायचं आणि निकाल आला की दार लावून पुन्हा बोलायचं. हे बोलणं म्हणजे माझी नोकरी. माझ्या वडिलांचं तालुक्याला कापडाचं दुकान होतं. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी आणि उर्दू. वडील म्हणत, दुकान सांभाळायला ह्या तीन भाषा पुष्कळ झाल्या. दुकान भावाकडं गेलं आणि भाषा माझ्याकडं राहिल्या. समाजकार्याची पदवी घेऊन मी या खोलीत बसले ती निवृत्त होईपर्यंत. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हटल्यावर बाकीचं सगळं बाजूला सारून मी एकच गोष्ट निवडली. नावं बदलली आहेत. गाव ठाणाकुशनूरच्या बाजूचं म्हणते, ते कुठल्या बाजूचं हे विचारू नका. ज्याची ही गोष्ट आहे त्याला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, "लिवा की. आमच्या घरी पुस्तक कोण वाचतंय?"

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. नव्वद सालानंतर आमच्याकडची माणसं पुण्यामुंबईला, हैदराबादला कामाला जायला लागली. आधी वर्षातून थोडे दिवस, मग वर्षभरच. पुरुष तिकडं, बायका इकडं. आजार आला तो या वाटेनं. त्याचं नाव कुणी घेत नसे. 'मोठा आजार' म्हणत, नाहीतर नुसतं 'त्ये'. "त्येला त्ये झालंय," एवढ्यावर सगळ्यांना कळायचं. आणि माझ्यासमोर रडायला बसणाऱ्या बायका बहुतेक अशा होत्या की ज्यांनी नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष जवळून पाहिलेला नव्हता. विशी-बाविशीतल्या. त्यांचा दोष एवढाच, की त्यांचं लग्न झालं होतं. म्हणून नंतर वरून हुकूम आला की मुलींपर्यंत लग्नाआधीच पोचा. त्यांना गावात जाऊन माहिती द्या.

माहिती पोचत नव्हती असं नाही. वाकडी पोचत होती. एका मुलीची ठरलेली सोयरीक मोडली, कारण तिच्या कॉलेजच्या कार्डावर 'बी पॉझिटिव्ह' असं छापलेलं मुलाच्या चुलत्यानं वाचलं. बाप माझ्याकडं भांडायलाच आला. मी त्याला रक्तगट म्हणजे काय ते समजावलं, मग त्याच्याबरोबर मुलाच्या घरी जाऊन त्यांनाही समजावलं. तरी त्यांना पटेना. शेवटी मी मुलाचं कार्ड मागवलं. ते 'ओ पॉझिटिव्ह' निघालं. मग चहा आला, मग सोयरीक परत जुळली.

त्या काळात आमच्याकडं एक चित्रांचा संच आला होता. गावागावांत मुलींना गोळा करून तो उलगडून दाखवायचा. त्यात एक चित्र होतं, बसस्टँडवर काळा चष्मा लावलेला माणूस उभा आहे, आणि खाली कानडीत ओळ, 'अपरिचित व्यक्तीशी संबंध टाळा.' मी त्याचं मराठी करून सांगायची, अनोळखी माणसापासून लांब राहा. हे चित्र कुठं मोठ्या शहरात काढलेलं असणार. आमच्या गावात अनोळखी माणूस बसमधून उतरला तर तो कुणाकडं आला हे तो पारावर पोचायच्या आत सगळ्यांना ठाऊक असतं.

ठाणाकुशनूरच्या बाजूच्या त्या गावी शाळेच्या वर्गात मी हे चित्र दाखवलं तेव्हा मुली निवांत बसल्या होत्या. एक तर म्हणाली, "आमाला काय धोका न्हाई अक्का. आमी अनोळखी माणसासंगं बोलत बी न्हाव." सगळ्या हसल्या. मग मागच्या बाजूला बसलेली एक पोरगी उभी राहिली. ही नंदा. बारावीला होती, म्हणजे आमच्या कर्नाटकात पीयूसी म्हणतात ते. घर मेंढरं राखणाऱ्यांचं, आता मेंढरं गेलेली, आईबाप मजुरीला. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं,

"अक्का, मामा बी अनोळखी असतोय का?"

पुण्याच्या वाचकांनी इथं कपाळाला आठ्या घालू नयेत. आमच्या सीमेवर थोरल्या बहिणीची मुलगी धाकट्या भावाला देतात. सगळे देतात असं नाही, पण दिली तर कुणी मान वळवून बघत नाही. डॉक्टर लोक वेगळ्या कारणानं नको म्हणतात, तो विषय निराळा. मामा असला की हुंडा नाही, चौकशी नाही, पोरीला सासू म्हणून आजीच मिळते. 'घरचंच हाय' या दोन शब्दांत सगळं मिटतं. नंदाचं लग्नही असंच तिच्या मामाशी ठरलेलं होतं आणि मामा पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर होता. सेंट्रिंग म्हणजे स्लॅब पडायच्या आधी खाली फळ्या आणि टेकू बांधायचं काम.

मला त्या चित्राचा मनापासून राग आला. या मुलींनी ते बरोबर ऐकलं होतं आणि बरोबर चुकीचा अर्थ लावला होता. मामा ओळखीचा, म्हणून मामाकडून धोका नाही. मी चित्र मिटून ठेवलं आणि म्हटलं, "वळखीचं असणं आन तपासल्यालं असणं ह्या दोन गोष्टी हायत्या. वळखीच्या माणसाचं रक्त काय आपल्याला दिसत न्हाई. लग्नाआधी दोघांनी तपासून घ्यावं. कुणी बी असंना."

नंदा खाली बसली. घरी जाऊन तिनं आईला तेच सांगितलं असावं, कारण पुढच्या बाजारात तिची आई शांताबाई मला आडवी आली. उंच, काटक बाई, आवाज खणखणीत. "माज्या भावावर संशव घ्यायला शिकवायलाव का पोरीला?" तिनं भाजीच्या पाट्यांमध्येच विचारलं. मी म्हटलं, संशय नाही, सगळ्यांनाच सांगते. ती म्हणाली, "सगळ्यांना सांगा. आमच्यात सांगू नगा. त्येला मी कडंवर घिऊन वाढिवलाय." तिचं म्हणणंही मला कळत होतं. भाचीनं मामाला तपासणी सांगायची म्हणजे बहिणीनं आपल्या माहेरावर बोट ठेवायचं. परक्या घरच्या मुलाला सांगता येतं. हे जमत नाही.

मग येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या, आमच्याकडचा सगळ्यात मोठा सण. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही, सगळे शेतात जाऊन हिरव्या दाण्यांची भज्जी आणि ताकातली आंबिल जेवतात. पुण्यामुंबईला गेलेला माणूस दिवाळीला एक वेळ येणार नाही, येळवशीला येतोच. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या दारात एक तिशीच्या आतला माणूस येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हाताच्या तळव्यांना सिमेंटनं पडलेल्या भेगा.

"माज्या भाचीला तुमीच सांगितलाव का?" त्यानं विचारलं.

हा बालाजी. मी त्याला आत बोलावलं. तो दारातच उभा राहिला आणि तिथूनच बराच वेळ भांडला. पोरींच्या डोक्यात काय भरवता, आम्ही कष्ट करायला जातो का असले धंदे करायला, वगैरे. मी ऐकून घेतलं. भांडायला आलेल्या माणसाला मधे तोडायचं नाही, हे मी दुकानात वडिलांकडून शिकले होते. बोलून झाल्यावर तो जाईल असं मला वाटलं. तो गेला नाही. आत आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

"काल रानात अक्कानं सगळ्यांपुढं सांगितलं," तो म्हणाला. अक्का म्हणजे शांताबाई. "नंदी कसं इच्यारली त्ये. सगळे पोट धरून हसले. मला हसू आलं न्हाई."

"कामून न्हाई आलं?"

त्यानं शर्टाची बाही वर सारली. मग म्हणाला, "करा तपासणी."

त्याच्याशी आधी जे बोलायचं ते सगळं बोलले. पुण्यात साइटवरच्या पोरांबरोबर तो कुठं कुठं गेला होता ते त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं. आमच्या तपासणीत एका पट्टीवर भरवसा ठेवत नाहीत. पहिलीवर काही दिसलं तर त्याच रक्तावर आणखी दोन वेगळ्या तपासण्या करतात. आमचे टेक्निशियन दारात आले आणि हळूच म्हणाले, "दीदी, तीनों में आया."

निकाल सांगायची पद्धत अशी की घोळवायचं नाही. मी सांगितलं. बालाजीनं पाणी मागितलं. पाणी प्यायल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो आंबिलीचा. काल एकाच पेल्यातून त्यानं आणि नंदाच्या धाकट्या भावानं आंबिल प्यायली होती. मी म्हटलं, त्यानं काही होत नाही. तो म्हणाला, "खरं सांगायलाव न्हवं?" मी म्हटलं, व्हय. त्यानंतरच तो टेकून बसला.

मग लग्नाचा विषय निघाला. पाडव्यानंतर तारीख धरलेली होती. मी त्याला समजावलं की हा आजार दाबता येतो, बिदरला गोळ्या मिळतात, त्यावर माणूस पुष्कळ जगतो. पण मुलीला काहीही न सांगता तिच्याशी लग्न करायचं नाही. माझं तोंड बांधलेलं आहे, तुझ्या परवानगीशिवाय मी तुझ्या बहिणीलाही सांगणार नाही. सांगायचं ते तुला. तो मान हलवत राहिला आणि संध्याकाळच्या बसनं पुण्याला निघून गेला.

पुढचे आठवडे मला फार वाईट गेले, हे स्पष्ट सांगते. फोन केला तर तो उचलत नव्हता. इकडं शांताबाई तयारीला लागली होती. आमच्या भावाच्याच दुकानात ती बस्ता बांधायला आली. मी तिथं बसले होते. तिनं माझ्यावरचा राग बाजूला ठेवून मला एक हिरवी साडी दाखवली, "हळदीला ही बरी दिसंल का वो नंदीला?" मी म्हटलं, दिसेल. घरी जाऊन मी जेवले नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "तुम्ही सांगायचं नाही. त्याला बोलावत राहा, त्याला सांगायला लावा." नियम बरोबरच होता. आज या पोरीसाठी मी तोंड उघडलं असतं तर उद्या त्या खोलीत कुणी पाऊल ठेवलं नसतं, आणि मग असे किती बालाजी न तपासता लग्नाला उभे राहिले असते. हे मला तेव्हाही पटत होतं. पण पटणं एक आणि ती हिरवी साडी डोळ्यांपुढून जाणं एक.

एक गोष्ट मला करता येत होती ती मी केली. त्या गावात परत जाऊन मुलींना गोळा केलं. काळ्या चष्म्याचं चित्र आणलंच नव्हतं. मी म्हटलं, "मागल्या टायमाला एकीनं इच्यारलं हुतं, मामा बी अनोळखी असतोय का. मी सांगते, मामा असू द्या, आत्याचा पोरगा असू द्या, दोघांची तपासणी झाल्याबिगर हळद लावून घेऊ नगा." नंदा मागेच बसली होती. या वेळी तिनं काही विचारलं नाही. घरी ती परत बोलली असेल का, आणि बोलून काय झालं असेल, हे मला कळायचा मार्ग नव्हता. मी बालाजीला फोन करत राहिले आणि तो वाजत राहिला.

पाडवा तोंडावर आला असताना बालाजी माझ्या खोलीत आला. शर्टाची कॉलर फाटलेली, गालावर ओरखडा. बसला आणि म्हणाला, "झालं."

"काय झालं?"

"मोडलं लगीन."

मला इतकं हलकं वाटलं की मी आधी टेक्निशियनना चहा सांगायला लावला आणि मग विचारलं, घरी काय सांगितलंस.

"पुण्यात बाई ठिवलीया मनलो. लेकरू बी हाय मनलो."

"आन हाय का?"

"कुठली बाई, अक्का? पत्र्याच्या खोलीत आमी सातजण ऱ्हाताव."

मी त्याला म्हटलं, अरे, दुसरं काहीतरी सांगायचंस. पत्रिका जुळत नाही म्हणायचंस, एवढ्यात लग्न नको म्हणायचंस. तो माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मलाच व्यवहार कळत नाही.

"पत्रिका मनलो असतो तर अक्का सोमवारी सोमवारी देवाला जाऊन पत्रिका जुळवून आणली असती. एवढ्यात नको मनलो असतो तर पोरगीला बसवून ठिवली असती माज्यासाठी. बाई हाय मनल्यावर कोण काय जुळवतंय? संपलं. आता नंदीला दुसरीकडं बघतेत."

कॉलर शांताबाईनं फाडली होती. तू आम्हाला मेलास, असं तिनं चार माणसांत सांगितलं होतं. मी बालाजीला विचारलं, पुढं कधी राग निवळला तर मी तिला खरं सांगू का, तू परवानगी दिलीस तर नियम आड येत नाही. 

"नगा सांगू. सांगितलाव की अक्का रडत बसंल. आता नुसती चिडलीया. चिडल्यालं माणूस जेवतंय तरी."

तेवढं बोलून त्यानं चहा संपवला. पुढं त्यानं गोळ्या सुरू केल्या. बिदरहून गोळ्या घेऊन परत जाताना माझ्याकडं डोकवायचा. वजन वाढलं, रंग उजळला. सेंट्रिंग सोडून एका सोसायटीत वॉचमन झाला. प्रत्येक वेळी उठताना विचारायचा, "आमच्याकडचं काय कळलं का वो?" आणि मी प्रत्येक वेळी म्हणायची, तुझं त्यांना सांगत नाही, त्यांचं तुला कसं सांगू. तो म्हणायचा, "त्ये बी खरंच हाय." माझ्याकडं सांगण्यासारखं होतं, हीच अडचण होती.

कारण दरम्यान शांताबाई स्वतः माझ्या खोलीत येऊन गेली होती. उदगीरच्या बाजूचं एक स्थळ आलं होतं, पूर्ण परकं, कुठून कुठं नातं नाही. ती म्हणाली, "आता घरचं नगंच. बाहीरचं बघायलाव. आन बाहीरचं हाय तर तपासून घ्यायला काय लाज?" मुलगा आपल्या वडिलांना घेऊन आला, हसत हसत रक्त देऊन गेला. नंदाही आली. मुलाचं आणि तिचं, दोघांचंही ठीक होतं. इतक्या सरळपणे ठरलेलं लग्न मी त्या खोलीत दुसरं पाहिलं नाही. तीच हिरवी साडी तिनं या हळदीला नेसली, असं भावाकडून कळलं.

वर्षा-दीड वर्षानं नंदा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. गरोदर बायकांची तपासणी आमच्याकडंच होत असे. अंगानं भरली होती, बोलण्यात उदगिरी ठसका आला होता. मी निकाल सांगितला, काही नाही, चांगलं आहे. ती उठली नाही. बाहेर बाकड्यावर बायकांची गर्दी होती, आत पंखा फिरत होता. ती म्हणाली, "अक्का, मी तुमाला एकदा शाळंत इच्यारलं हुतं, ध्यानात हाय का?"

"हाय."

"तुमी तवा सांगितलाव त्येच खरं झालं. मामा अनोळखीच निघाला." तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. शांताबाईसारखीच चिडली होती. "मला खांद्यावर घिऊन जत्रा दाखिवल्याला माणूस. पंचमीला दरवर्षी बांगड्या आणायचा. आन तिकडं बाई ठिवला, लेकरू काढला. मला आजून कळत न्हाई, असा कसा असतोय माणूस?"

मी तिचं कार्ड भरायला घेतलं. मागच्याच आठवड्यात तो तिच्याच खुर्चीवर बसून गेला होता.

"तुमी बघितला न्हाव न्हवं त्येला कधी?" तिनं विचारलं. "हिकडं कधी आला हुता का?"

कुणी आमच्याकडं आला होता की नाही, हेही आम्ही कुणाला सांगत नाही. ते सांगितलं की निम्मं सांगितल्यासारखंच असतं. आणि गप्प राहिलं तरी तेच होतं. नंदा माझ्या तोंडाकडं बघत होती.

"न्हाई," मी म्हटलं. "माझी त्याची वळख न्हाई."

तिनं मान हलवली, कमरेवर हात ठेवून सावकाश उठली आणि बाहेर गेली. मी पुढच्या बाईला आत बोलावलं.